ए-फ्रेम ट्रेलरचं आढं जुळत नाही, दार घासतं आणि एक टायर आतून झिजतोय: सुरुवात कुठून करायची?

वाटसरू_मिशिगन

नमस्कार मंडळी. घडीचा, कडक भिंतींचा, मुक्कामाचा ए-फ्रेम ट्रेलर आहे, वापरलेला घेतलेला. पेटी १२ फूट लांब, ८० इंच रुंद. छताची दोन पाखी पुढून-मागून बिजागरीवर उभी राहतात, बाजूच्या दोन त्रिकोणी भिंती आतून उचलून कड्यांनी अडकवायच्या. एकच टॉर्शन एक्सल, रबरवाला (नळीतलं रबर पिळून धक्के झेलतो), पाटे नाहीत. टायर एसटी (खास ट्रेलरचे) १७५/८०आर१३, लोड रेंज (भार पेलण्याचा वर्ग) सी. चारही कोपऱ्यांना सिझर जॅक. दार उजवीकडे, दोन भागांत: खालचं अर्धं पेटीत, वरचं त्रिकोणी भिंतीत.

अडचणी अशा. पाखी उभी केली की ड्रायव्हरच्या (इथे डाव्या) बाजूला आढं घट्ट भिडतं, दाराच्या बाजूला पाच सूत (५/८ इंच) फट राहते. दाराकडच्या टोकाला पुढचं पाखं मागच्यापेक्षा खाली बसतं, ड्रायव्हरकडच्या टोकाला किंचित वर. दाराकडची त्रिकोणी भिंत ओळंब्यात नाही, वरची कडी लावायला भिंत हाताने दाबून धरावी लागते. दाराचं वरचं अर्धं कुलपाच्या बाजूला चौकटीला घासतं, खालचं मात्र नीट चालतं. वाऱ्याचा पाऊस असला की आढ्यातून थेंब आत येतात. शिवाय डावा टायर फक्त आतल्या कडेला झिजलाय, उजवा सारखा आहे.

हे सगळं उतरत्या ड्राइव्हवेवर, चारही जॅक टेकवून पाहिलेलं. बिजागऱ्या सरकवायच्या, दाराचा आकडा हलवायचा, की आधी एक्सल बघायचा? क्रम सांगा.

ओळंबा

वाटसरू, बिजागरी आणि आकडा दोन्हींना अजून हात लावू नका. तुमच्या वर्णनातली सगळ्यात बोलकी खूण ही, की आढ्याच्या एका टोकाला पुढचं पाखं खाली आणि दुसऱ्या टोकाला वर आहे. ही पीळ बसल्याची खूण. पेटीचा पुढचा काठ आणि मागचा काठ एकमेकांशी समांतर राहिलेले नाहीत, म्हणून त्यांच्यावर उभी असलेली पाखी वर जाऊन तिरकी भेटतात.

खालच्या थोड्या फरकाने वर किती बिघडतं त्याचा हिशेब सोपा आहे. ८० इंच रुंदीत एक कोपरा अर्धा इंच उचलला गेला, तर पुढच्या बिजागरीची रेघ मागच्या रेघेच्या मानाने ०.३६ अंश कलते. आढं पेटीच्या काठापासून ५५ इंच वर धरलं, तर तिथे पाखं बाजूला जवळजवळ तीन सूत सरकतं. आढ्याच्या दोन टोकांमधली अर्ध्या इंचाची उंचसखल वेगळीच. खाली डोळ्याला न दिसणारा फरक वर फट, घासणारं दार आणि न पोचणारी कडी अशा तीन रूपांत दिसतो. बरेच जण या तीन गोष्टी तीन वेगळ्या दुरुस्त्या समजून करायला घेतात, आणि मग ट्रेलर सपाट जागी उभा केला की सगळं उलट्या बाजूने वाकडं होतं.

पीळ बहुतेक वेळा जॅकमधून येतो. कोपऱ्यातले सिझर जॅक ट्रेलर डुलू नये म्हणून दिलेले असतात, ट्रेलर उचलायला नाहीत. उतारावर एक कोपरा वर घ्यायचा म्हणून तोच जॅक फिरवत राहिलं की हलकी चेसिस निमूटपणे पिळते, आवाजही करत नाही.

तेव्हा पहिली चाचणी ही करा. दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी लावा. शक्य तर ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा; सोडलेला असेल तर आत कोणी नको, कारण मागचे जॅक वर असताना कोणी मागच्या टोकाला उभं राहिलं तर एक-एक्सलचा ट्रेलर मागे कलंडू शकतो. मग चारही जॅक पूर्ण वर घ्या. आता ट्रेलर फक्त तीन जागी टेकलाय: दोन चाकं आणि पुढच्या ओढदांड्याचा टंग जॅक (किंवा गाडीचा हुक). तिवईसारखं, जमीन कशीही असली तरी तीन टेकूंवरच्या वस्तूला ती पीळ देऊ शकत नाही. या अवस्थेत जो पीळ सापडेल तो चेसिसचा किंवा पेटीचा स्वतःचा. जॅक टेकवल्यावर जो वाढेल तो जॅकचा. आणि हो, डाव्या चाकाचं रबर दमलं असेल तर ट्रेलर डावीकडे कलेल, पण पिळणार नाही. कल आणि पीळ वेगळे ठेवा.

मोजायला गवंड्याची लेव्हल ट्यूब सगळ्यात खात्रीची: तीन-चार सुती पारदर्शक नळी, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. पुढच्या दोन कोपऱ्यांत डाव्या-उजव्याच्या उंचीतला फरक लिहा, मग मागच्या दोन कोपऱ्यांत. पुढे डावा कोपरा दोन सूत वर आणि मागेही डावा दोन सूत वर, तर नुसता कल आहे. पुढे दोन सूत वर आणि मागे दोन सूत खाली, तर चार सुतांचा पीळ. मोजताना चारही ठिकाणी एकच खूण धरा, म्हणजे बिजागरीच्या खालचा पेटीचा काठ. या ट्रेलरांत पाखी घडी होताना एकावर एक येतात, त्यामुळे पुढची आणि मागची बिजागरी मुळातच वेगळ्या उंचीवर असते. म्हणून पुढची उंची मागच्या उंचीशी ताडून बघू नका, फक्त डावं-उजवं बघा.

पडताळा म्हणून दोन दोऱ्या. भिंती उभ्या करून आतल्या बाजूने पेटीच्या चार कोपऱ्यांवर सारख्या जाडीचे ठोकळे ठेवा आणि कर्णावर दोन दोऱ्या ताणून बांधा. दोऱ्या मध्ये नुसत्या टेकल्या तर चारही कोपरे एका पातळीत आहेत. मध्ये अंतर पडलं तर त्याच्या दुप्पट एक कोपरा बाहेर आहे. खालची दोरी वरून घालून पुन्हा बघायला विसरू नका. एक दोरी दुसरीला दाबत असेल तर पहिल्या खेपेला ते कळत नाही.

त्याच दोऱ्यांनी कर्णही मोजून घ्या. १२ फूट बाय ८० इंचाच्या पेटीत दोन कर्णांमध्ये जेवढा फरक, साधारण तेवढंच मागचं तोंड पुढच्याच्या मानाने बाजूला सरकलेलं असतं. एक सुतापर्यंत सोडून द्या.

मोजणी सकाळी किंवा सावलीत करा. उन्हाने पाख्याचा बाहेरचा पत्रा आतल्या बाजूपेक्षा २० अंश सेल्सिअसने तापला, तर ८० इंची, दीड इंच जाडीच्या फोमच्या पाख्याला हिशेबाने पाव इंचाच्या आसपास बाक येऊ शकतो. दुपारी घेतलेली मापं संध्याकाळी जुळत नाहीत ती यामुळे.

लेक_ईरीकाठ

दाराच्या आकड्याची भोकं कानशीने लांबट करून तो दोन सूत सरकवला तर निदान या हंगामापुरतं भागेल ना? आणि हेच गणित ट्रेलमॅनर, हाय-लो या घडीच्या ट्रेलरांनाही लागू आहे का?

पत्रा_आणि_पेच

आकडा सरकवू नका. वरच्या अर्ध्या दाराची चौकट म्हणजे ती त्रिकोणी भिंतच. भिंत तिरकी असताना आकडा तिच्याशी जुळवला की पुढे भिंत सरळ झाल्यावर दार पुन्हा अडेल, आणि लांबट केलेलं भोक तर परत भरता येत नाही. घासतंय तिथे रंग जाऊ नये म्हणून तोवर पातळ टेप चिकटवा, पुरे.

ट्रेलमॅनर आणि हाय-लोमध्ये वरचा भाग उचलण्याची यंत्रणाच वेगळी. ट्रेलमॅनरमध्ये दोन कवचं टॉर्शन बारच्या जोरावर हातांनी उचलली जातात; हाय-लोमध्ये हायड्रॉलिक सिलिंडर तारा ओढतो आणि सबंध वरचा अर्धा भाग सरळ वर जातो. हाय-लोचा एक कोपरा मागे राहत असेल तर आधी त्या कोपऱ्याची तार आणि कप्पी बघायची, तारेचा एखादा पदर तुटला असेल तर लांबी जुळवत बसायचं नाही, तार बदलायची. पण खालची चेसिस पिळलेली नाही ना, हे बघणं तिन्ही प्रकारांत पहिलंच.

चाकोरी

टायरचा प्रश्न छताशी जोडू नका. तो वेगळा आजार आहे आणि वेगळाच तपासायचा.

टॉर्शन एक्सल म्हणजे एक अखंड नळी. ती चेसिसवर तिरकी बसली असेल तर दोन्ही चाकं एकाच दिशेला वळतात. ट्रेलर गाडीमागे खेकड्यासारखा किंचित तिरका चालतो आणि दोन्ही टायरांवर परिणाम दिसतो. दोन्ही टायर आतून झिजत असतील तर बोजा जास्त होऊन नळी वाकली असण्याची शक्यता. एकच टायर आतून झिजतोय म्हटल्यावर संशय त्या चाकाच्या बेअरिंगवर, नाहीतर त्या बाजूच्या स्पिंडलवर (चाक फिरतं ती खुंटी) किंवा आर्मवर (नळी आणि स्पिंडल जोडणारा हात).

बेअरिंग आधी, कारण ढिल्या बेअरिंगवर घेतलेलं कुठलंही माप खोटं. ट्रेलर उचलताना जॅक एक्सलच्या नळीखाली कधीही लावू नका, नळी वाकते. चेसिसच्या मुख्य पट्टीखाली, एक्सलच्या ब्रॅकेटजवळ लावा, आणि स्टँड दिल्याशिवाय चाकाला हात नको. चाक वर-खाली धरून हलवा. खटखट वाटली तर टोपण काढून हब फिरवत नट सुमारे ५० फूट-पौंडाने आवळा म्हणजे बेअरिंग बसेल, मग हब न फिरवता नट सैल करा, नुसत्या बोटांनी घट्ट करा आणि पिन घाला. बोटांनी म्हणजे बोटांनीच. पाना लावून ठेवलेलं बेअरिंग रस्त्यावर जळतं.

चौकोनीपणा असा मोजा. पुढच्या कपलरच्या (गाडीला अडकतो तो भाग) खोबणीच्या मध्यापासून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. दोन्ही हबच्या मध्यापासूनही खुणा करा. स्टीलच्या टेपने पुढच्या खुणेपासून दोन्ही अंतरं घ्या. एक सुताच्या आत फरक असेल तर एक्सल सरळ बसलाय.

टो-इनसाठी, म्हणजे चाकं पुढून आत की बाहेर बघतात ते पाहायला, टायरच्या मध्यावर खडू फासून चाक फिरवा आणि खिळ्याने बारीक रेघ ओढा. चाकं खाली ठेवून ट्रेलर थोडा पुढे ढकला. हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. अर्ध्या सुताचा फरक चालतो, एक सुताच्या पुढे टायर खाऊ लागतो.

कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत-बाहेर कल, मोजण्याआधी ट्रेलर आडवा समतल हवा. एका टायरखाली प्लायवूडचे तुकडे सरकवून पाणसळ मध्यावर आणा. मग रिमच्या वरच्या आणि खालच्या ओठाला लागून ओळंब्यात धरलेली सरळ पट्टी, आणि फट मोजायची. टायरच्या फुगवट्यावर पट्टी टेकवू नका, माप चुकतं. दोन्ही चाकांची मापं द्या.

हवा थंड टायरमध्ये ५० पीएसआय. लोड रेंज सीच्या या मापाच्या टायरची ५०ला क्षमता प्रत्येकी १,३६० पौंड आहे. ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर ट्रेलर भरलेल्या अवस्थेत घेऊन जा आणि एक्सलवरचं वजन वेगळं काढा. एक्सलवरच्या माहितीच्या पट्टीवरची क्षमताही वाचून सांगा.

वाटसरू_मिशिगन

मंडळी, मोजून आलो. सगळं सकाळी, सावलीत.

जॅक टेकवलेले असताना दोऱ्यांमध्ये मध्यावर तीन सूत अंतर. जॅक वर घेतल्यावर जेमतेम अर्धा सूत. कर्णांत फरक अर्धा सूत. जॅक वर असताना आढ्याची ड्रायव्हरकडची उंचसखल पूर्ण गेली, दाराकडची फट पाच सुतांवरून दोन सुतांवर आली. भिंतीची कडी आता हाताने दाबल्याशिवाय पोचते, पण घट्ट.

पुढच्या पाख्याची खालची कड आणि पेटीचा काठ यांतली फट: ड्रायव्हरकडे तीन सूत, दाराकडे एक. दाराकडच्या टोकाला बिजागरीचे तीन स्क्रू नुसते फिरतात, आवळले जात नाहीत.

चाकं: कपलरपासूनच्या अंतरांत अर्धा सूत फरक. डाव्या चाकात किंचित खटखट होती, ती काढून मग मोजलं. डावा रिम वरून अडीच सूत आत कललेला, उजवा वरून अर्धा सूत बाहेर. टो पुढून एक सूत जास्त, म्हणजे चाकं बाहेर बघतात. एक्सलवर वजन २,१५० पौंड, पट्टीवर ३,०००.

ओळंबा

चेसिस चांगली आहे. जॅक टेकवलेले असताना एक कोपरा पाऊण इंच बाहेर होता, तो वर घेतल्यावर एक सुतावर आला. एवढा राहिलेला पीळ या लांबीत सोडून द्यायचा.

तरी जॅक वर आहेत तोवर खाली वाकून एकदा बघून घ्या: पुढचा व्ही आकाराचा सांधा पहिल्या आडव्या पट्टीला मिळतो तिथे, आणि एक्सलच्या ब्रॅकेटभोवती. गंजाची बारीक लाल रेघ म्हणजे बहुधा भेग. भेग असेल तर तिच्या टोकाला एक सुती भोक पाडून ती पुढे सरकणं थांबवतात, मग वेल्ड करून वर पट्टी मारतात. पट्टीची टोकं निमुळती हवीत, चौकोनी पट्टीच्या आडव्या वेल्डशेजारीच पुढची भेग सुरू होते. वेल्डरला अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा, करंट बेअरिंगमधून गेला की त्यावर डाग पडतात. बॅटरी सोडा. आणि रबरवाल्या नळीजवळ वेल्डिंग होऊ देऊ नका.

यापुढे ट्रेलर लावताना आडवी पातळी चाकाखाली फळी किंवा रॅम्प देऊन साधायची, पुढची-मागची टंग जॅकने. दोन्हींत पाणसळ मध्यावर आली की मगच कोपऱ्यातले जॅक खाली. जॅकचं पाऊल जमिनीला टेकलं की अर्धा वेढा, बस. जमीन मऊ असेल तर पावलाखाली फळी द्या म्हणजे रात्रीतून एक कोपरा खचणार नाही. पाखी उघडायची ती जॅक टेकवून झाल्यावर. उघडल्यानंतर जॅक फिरवला तर भिंती आणि पाखी पिळात अडकतात, आणि सगळा ताण बिजागरीच्या स्क्रूवर येतो. तुमच्या पुढच्या बिजागरीचे स्क्रू बहुधा असेच गेले असणार.

पत्रा_आणि_पेच

उरलेल्या दोन सुतांचं उत्तर तुम्हीच दिलंय. पाखं दाराकडे दोन सूत खाली घसरलंय, आणि आढ्यालाही नेमकी दोन सुतांची फट आहे. पाखं कडक असतं. खालची कड जेवढी घसरेल तेवढीच वरची कड आढ्यापासून सुटते. म्हणजे पाखं ठीक, भिंत ठीक, फक्त बिजागरीची पकड गेली आहे.

काम दोघांचं आहे. दोन्ही पाखी उभी, भिंती कड्यांनी पक्क्या, आणि आतून पुढच्या पाख्याला दोन बाय चारचे दोन टेकू, डाव्या-उजव्या कडेपासून साधारण दोन फूट आत. टेकूच्या डोक्यावर फळी द्या, नाहीतर आतला पातळ प्लाय दबतो. उचलायला मदत करणारे गॅस स्ट्रट किंवा स्प्रिंग सोडायचे असतील तर पाखं पूर्ण उघडं असतानाच, तेव्हा त्यांच्यावर ताण सगळ्यात कमी असतो. घडी केलेल्या अवस्थेत सोडायला गेलात तर हात मोडेल. स्ट्रट कमकुवत निघाला तर जोडीने बदला, एकाच बाजूचा नवा बसवला की पाखं उचलताना तिरकं होतं आणि बिजागरी परत ढिली.

आता दाराकडच्या कडेखाली कठीण लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या दोन पाचरी समोरासमोर घाला आणि हलक्या हाताने ठोकत पाखं वर घ्या, दोन्हीकडे तीन-तीन सूत फट होईपर्यंत. त्याच वेळी दुसऱ्याने आतून आढ्याकडे लक्ष ठेवायचं. आढं मिटलं की थांबा. धातूची पाचर नको, पत्र्याला पोचा पडतो.

ढिले तीन स्क्रू काढा, आणि शेजारचे दोनही काढून बघा. भोकात दाभण घाला. टोक कोरडं आणि लाकूड कडक लागलं तर फक्त आटे गेलेत. दाभण सहज रुतलं, टोकाला ओला काळा भुसा आला, तर लाकूड कुजलंय; तिथे इपॉक्सी भरून काही उपयोग नाही, कड उघडून तेवढा तुकडा काढून नवा बसवावा लागेल. किती पसरलंय ते आधीच कळायला पाख्याच्या खालच्या कडेवर नाण्याने टकटक करत जा, कुजलेल्या जागी आवाज बद्द येतो.

लाकूड चांगलं असेल तर भोक तीन सुतांपर्यंत मोठं करा. ड्रिलवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा म्हणजे आतला प्लाय फुटणार नाही. आधी पातळ इपॉक्सी ब्रशने आत फिरवा म्हणजे लाकूड ते पिऊन घेईल, मग लाकडाचा बारीक भुसा किंवा सिलिका घालून दाट केलेली भरा. २४ तास हात लावू नका, थंडी असेल तर जास्त. त्यानंतर १० नंबरच्या स्क्रूसाठी एक सुती पायलट भोक. स्क्रू स्टेनलेसचे, जुन्यापेक्षा दोन सूत लांब चालतील, पण आधी जाडी मोजा. ॲल्युमिनियमच्या बिजागरीत स्टेनलेस स्क्रूभोवती ओलाव्याने पांढरी भुकटी धरते आणि पुढे काढताना ते मोडतात, म्हणून प्रत्येक स्क्रूला मरीन ग्रेडची अँटी-सीझ पेस्ट लावा.

बिजागरीच्या पानाखाली नवी ब्यूटिल (चिकट रबरी) टेप, जुनी खरवडून. सिलिकॉनचं सीलंट कुठेही वापरू नका. गळतं तिथे सिलिकॉन फासण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण ते जिथे एकदा लागतं तिथे नंतर ब्यूटिल, रंग, काहीच धरत नाही. पुढच्या माणसाला ते दिवसभर खरवडत बसावं लागतं.

स्क्रू घालताना आधी दोन बसवा, बाकीचे नुसते टेकवा. टेकू आणि पाचरी काढा, स्ट्रट सोडले असतील तर पुन्हा जोडा, आणि पाखी एकदा सावकाश मिटून-उघडून बघा. मिटताना वरच्या पाख्याची कड खालच्यावर दोन्हीकडे सारखी बसते का, ते महत्त्वाचं. बसली की उरलेले स्क्रू मधून टोकांकडे आवळत जा. ब्यूटिल उन्हात आणखी दबते, म्हणून आठवड्याने सगळ्यांवर एकदा पाना फिरवा.

चाकोरी

डाव्या रिमचा अडीच सूत कल साधारण सव्वा अंश होतो, उजवा पाव अंश बाहेर. एक्सल सरळ बसलाय, वजन क्षमतेच्या बरंच खाली आहे. म्हणजे बोजाने नळी वाकलेली नाही, डाव्या बाजूचा स्पिंडल किंवा आर्म वाकलाय, कर्बला किंवा खड्ड्यात आदळून. टो बाहेर गेलाय तोही त्याच फटक्याचा भाग असणार.

पाट्यांच्या साध्या एक्सलची नळी जाणकार दुकानं दाबून सरळ करतात. रबरवाल्या एक्सलला ते चालत नाही, आणि गरम करणं तर मुळीच नाही. चौकोनी नळीतले रबराचे दांडे उष्णतेने खलास होतात आणि बाहेरून काही कळत नाही. कुणी 'गॅसची टॉर्च लावून देतो' म्हणालं तर ट्रेलर परत आणा. काही एक्सलांचा स्पिंडल सुटा निघतो, तेवढं आधी पट्टीवरचा नंबर देऊन उत्पादकाकडे विचारा. नाहीतर एक्सल बदलणं हाच उपाय.

मागवताना ही मापं हवीत: हबच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत, चेसिसच्या पट्टीच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर, ब्रॅकेटच्या भोकांची मांडणी, क्षमता, आर्मचा सुरुवातीचा कोन, चाकाच्या बोल्टांची संख्या आणि वर्तुळ, ब्रेक असतील तर त्यांचं माप. कोन चुकला तर ट्रेलरची उंची बदलते आणि टायर चाकाच्या कमानीला लागू शकतो. कोन मोजताना ट्रेलर उचलून चाकं लोंबती ठेवा. दोन्ही आर्मच्या कोनांत डोळ्याला दिसेल इतका फरक असेल, तर एका बाजूचं रबर तसंही संपलंय.

टायर दोन्ही नवे घ्या, पण एक्सल झाल्यावर. बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल. दुकानात पडून जुने झालेले एसटी टायर स्वस्तात देतात, ते नकोत. १३ इंची चाकाचे नट टॉर्क रेंचने, ताऱ्याच्या क्रमाने, तीन टप्प्यांत. एक्सल बनवणाऱ्या डेक्स्टरच्या पुस्तिकेत या मापाला शेवटचा टप्पा ५० ते ७५ फूट-पौंड दिलाय. पुन्हा १०, २५ आणि ५० मैलांवर तपासायचे.

वाटसरू_मिशिगन

सगळ्यांचे आभार, क्रम स्पष्ट झाला. दाभण कोरडं आलं, म्हणजे लाकूड वाचलंय. एक राहिलं: बिजागरी झाल्यावर आढ्याची आणि भिंतीची रबरी पट्टी बदलायचीच का?

पत्रा_आणि_पेच

आधी तपासा. पाखी आणि भिंती पूर्ण बंद करताना दर फुटावर कागदाची पट्टी रबराखाली अडकवा आणि ओढून बघा. ओढ लागून निघाली तर रबर काम करतंय. अलगद निघाली तर तिथे दाब नाही, आणि फाटलीच तर रबर फार दबलंय, तेही वाईट. फुगीर पट्टी बंद झाल्यावर आपल्या उंचीच्या पाव ते एक तृतीयांश दबली पाहिजे. तुमच्या दाराकडच्या भागात रबर बराच काळ दबलेलंच नसेल, उलट ड्रायव्हरकडे चपटं होऊन बसलं असेल. तसं असेल तर सबंध लांबीची बदला, तुकडा जोडू नका, जोडावर पाणी शिरतं.

नवी ईपीडीएमची (ऊन-पाणी सोसणारं रबर) घ्या. जुना गोंद काढून जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि कोरड्या, उबदार दिवशी चिकटवा. चिकटवताना ओढू नका. ताणून लावलेली पट्टी थंडीत आखडते आणि टोकाला फट पडते; उलट दोन-तीन सूत जास्त ठेवून कोपऱ्यात दाबा. नंतर देखभालीला सिलिकॉनचा स्प्रे चालतो (चिकटवण्यापूर्वी मात्र आसपासही नको). ग्रीस किंवा व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियमने ईपीडीएम फुगतं.

दाराला हात सगळ्यात शेवटी. भिंत ओळंब्यात आली की वरचं अर्धं बहुधा आपोआप सुटेल. तरी घासलं, तर कुलपाच्या बाजूची फट वरपासून खालपर्यंत मोजा आणि दाराच्या बिजागरीमागे पातळ पाचर देऊन ती सारखी करा.

पाण्याची चाचणी करताना होजचा जोर कमी ठेवा आणि खालून सुरुवात करा: आधी पुढची बिजागरी पाच मिनिटं, मग भिंतीच्या कडा, आढं अखेरीस. एकदम वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून आत येतंय ते कळत नाही. आत एक जण टॉर्च घेऊन, ओलावा दिसला की लगेच मास्किंग टेपने खूण करायची.